न्हाणीकडची सळी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर एकच: माझी मावशी. गोव्यात कारापुरात तिची पिठाची गिरण होती. त्या गिरणीवर आमच्या घरातला पहिला पदवीधर शिकला, तो मी.

गिरण आठवली की मला अजून सगळं पांढरं दिसतं. दुपारी जनेलातून ऊन आत यायचं आणि पिठाची धूळ त्यात इतकी सावकाश तरंगायची, की ती खाली बसते आहे की वर जाते आहे ते कळायचं नाही. पट्टा एका सुरात घुमत राहायचा. त्या आवाजात मला कितीदा बसल्या जागी झोप लागली असेल. मावशी अनवाणी उभी असायची, एक हात दाणे ओतायच्या लोखंडी पेटीवर, पापण्यासुद्धा पांढऱ्या.

गिरणीच्या अर्थिंगची सळी मागच्या बाजूला होती. मोटरीतून चुकून लोखंडात उतरलेली वीज जमिनीत नेऊन सोडायची, हे तिचं काम. कुणा जुन्या वायरमनने ती न्हाणीच्या पाण्यावर वाढलेल्या माडाच्या मुळाशी ठोकली होती. तिथली माती बारा महिने ओली असायची.

गोवा राज्य झालं त्याच पावसाळ्यात मी इंजिनिअर होऊन घरी आलो. दळण घेऊन आलेल्या बायका कोकणी की मराठी यावर तावातावाने बोलत होत्या, अर्थात कोकणीतूनच. मी त्या सळीकडे बघत होतो.

"ही काढायला हवी," मी म्हणालो.

"कित्याक रे? तिणें तुजें कितें खाल्लां?" मावशीने विचारलं.

"गंजली आहे. आणि ही काय जागा झाली, सांडपाण्यात?"

बायका हसल्या. मावशी हसली नाही. हात पुसून त्यांना म्हणाली, "आमचो पूत शिकून आयला. ताका कळटा."

मी गिरणीच्या वरच्या अंगाला, स्वच्छ कोरडी जागा निवडली. खणायला बेळगावकडचा एक गडी आणला. हातभर खाली जांभा दगड लागला. "सायेब," तो घाम पुसत म्हणाला, "तुमच्या पुस्तकात हा दगड मऊ लिवलाय काय?" तरी खड्डा झाला. त्यात तांब्याची पट्टी उभी केली, भोवती ओल धरायला कोळसा आणि मीठ भरलं. जमिनीचा विजेला होणारा अडथळा मोजायला कॉलेजातून मीटर मागून आणला होता, त्यावर आकडा छान, म्हणजे अगदी कमी आला. जुनी सळी काही उपटेना, मुळांनी धरून ठेवली होती. शेवटी तिची तार तोडली, डोकं करवतीने कापलं आणि वर माती लोटली. मग मी कोल्हापूरला नोकरीवर गेलो.

मे महिन्यात रजेवर आलो. दुपारची तीच धूळ, तोच सूर. स्वप्नात चालावं तसा मी आत गेलो आणि पेटीवर हात ठेवला. हाताला झिणझिण्या आल्या, पार कोपरापर्यंत. मी खटका खाली ओढला. पट्टा सुस्कारा टाकत थांबला.

मग माझं लक्ष खाली गेलं. मावशी जेवायच्या लाकडी पाटावर उभी होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पंधरा दीस जाले. पाटार उबें रावल्यार कांय जायना." मग हळूच म्हणाली, "कोणाक सांगूं नाका. लोक म्हणटले, इंजिनेराचें काम अशें."

गिऱ्हाइकांना ती पेटीला हात लावू देत नव्हती. स्वतः मात्र रोज लावत होती.

माझा तो छान आकडा भर पावसातला होता. उन्हाळ्यात तो दगड कोळशासकट सुकून गेला होता, आणि कोरड्या जमिनीत वीज नीट उतरत नाही. मोटर जुनी, थोडी वीज गळणारी. न्हाणीकडची ओल ती इतकी वर्षं मुकाट गिळत होती. दोन दिवस गिरण बंद ठेवली. मोटर दुरुस्तीला दिली आणि माडाच्या मुळाशी, कापलेल्या सळीपासून वीतभर अंतरावर, नवी सळी ठोकली. घण मीच मारला.

कोल्हापूरला परतल्यावर तिला पत्र लिहिलं. घरात आम्ही कोकणी बोलायचो, पत्र मात्र मराठीत. ती दुसरीपर्यंत शिकलेली, म्हणून अक्षर मोठं काढलं.

"मावशी, पाया पडतो. वायरमनने जागा विचार करून निवडली होती, मी न विचारता बदलली. चूक माझी, हे दळणाला येणाऱ्या सगळ्यांना सांग. लाजू नकोस, मी लाजलो तेवढं पुरे. आणि एक ऐक. यापुढे हाताला मुंगी चावल्यासारखं जरी वाटलं, तरी आधी खटका खाली कर. माझी अब्रू मागाहून सांभाळ."