यू लासियेमचं पहिलं कुंपण

लासियेमच्या घरावर कौलं चढली तेव्हा गावाला वाटलं, आता ही बाई जरा पाय पसरून बसेल. उभा जन्म धाकट्या भावाच्या मागच्या खोलीत गेलेला. पहाटे उठून शेंगदाण्याची चटणी वाटायची, पालेभाज्या उकडायच्या आणि बाजाराच्या तोंडाशी बसून केळीच्या पानावर त्यांचं पेचेल विकायचं. सगळं गाव तिला यू लासियेम म्हणे, म्हणजे लासियेमताई. पण ताई पाय पसरून बसली नाही. तिला कुंपणाचं वेड लागलं.

घर काय, भावाकडेही होतं. कुंपण मात्र तिला स्वतःचं असं कधी नव्हतं. इथून तिथवर माझं, असं बोट दाखवून सांगता येईल, या नुसत्या कल्पनेनेच तिला झोप लागेना. शिवाय घाई होती. सतरा ऑगस्टला त्यांच्या देशाचा स्वातंत्र्यदिन. त्याच्या आत गावातलं प्रत्येक कुंपण झेंड्याच्या लाल-पांढऱ्या रंगात न्हालेलं असायचं. तसा काही कायदा नव्हता, पण कायद्याहून पक्कं होतं ते. आणि त्याच्या आधी तिच्या घरभरणीचं जेवण व्हायचं होतं.

मुलगी पाहायला निघावं तशी ती कुंपणं पाहत हिंडू लागली. याचं रूप बरं पण बुटकं, त्याची उंची चांगली पण अंगाने फाटकं. एका घरापुढे तर इतका वेळ उभी राहिली की आतून विचारणा झाली, "यू, कुणी वारलंय का आमच्याकडे?"

भाऊ पार्जान गवंडी. त्याचं मत ठरलेलं. "विटांची भिंत घाल. वरून लोखंडी भाले. आणि फाटक असं लाव की गाडी सरळ आत!"

"माझ्याकडे गाडी कुठंय रे?"

"नसू दे. फाटकाला काय कळतंय!"

"आणि रस्त्यावर भांडण लागलं तर मी बघायचं कुठून?"

पार्जानने थापी उचलली आणि कामाची वाट धरली.

बांबूचं काम करणारे पाक कासिमिन, म्हणजे कासिमिनकाका, म्हणाले, "बांबूच घ्या. दोन-चार पावसाळ्यांत कुजतो. मग मी येतो, नवं विणतो, चहा पितो."

"म्हणजे कुंपण माझं आणि चहा तुमचा."

"दोघांचंही भलं," कासिमिन गंभीरपणे म्हणाले.

या सगळ्यात एका माणसाचं मत घ्यायचं राहिलं होतं, आणि ते माणूस सर्वांत जवळचं होतं. यू सारिन्तेन ही लासियेमची लहानपणची मैत्रीण, तिच्याहून थोडी मोठी, आणि आता पूर्वेकडची शेजारीण. लासियेमने ही जागा घेतली तीच मुळी सारिन्तेनला लागून आहे म्हणून. सारिन्तेन एके काळी बाहुल्यांच्या खेळात गायची. पडद्यामागे बाहुल्या लढायच्या आणि लोक मात्र सारिन्तेनकडे बघत बसायचे. आता केस पिकले तरी चेहऱ्यावर सुरकुती नाही. रोज सकाळी ती परसातून थेट लासियेमच्या चुलीपाशी यायची, बोटाने चटणी चाखायची, नावं ठेवायची आणि चहा घेऊन जायची. नेमकी या दिवसांत ती लेकीकडे सोलो शहरात गेली होती. ती परत येईल तेव्हा कुंपण उभंच दिसलं पाहिजे, तिने आ वासला पाहिजे, अशी लासियेमची हौस.

बाजारातल्या भाजीवालीने तोडगा सुचवला. "शेवगा लाव. आमच्या बांधावर फांद्या तोडायच्याच आहेत, घेऊन जा. टोचली की फुटते. वर पाला आयता पेचेलमध्ये."

लासियेम हरखली. जिवंत कुंपण! वाढणारं, खाता येणारं! दुसऱ्याच दिवशी शेजारीपाजारी मदतीला आले. ठराविक अंतरावर शेवग्याच्या फांद्या रोवल्या, मधे बांबूच्या कामट्या बांधल्या. लासियेम तळलेलं तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, आणि गोड चहा घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती धावत होती. "अजून एक रोवा! इथे फट दिसतेय!" चारी बाजू बंद झाल्या तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आठवड्यात फांद्यांना हिरवे कोंभ फुटले आणि त्याच दिवशी सारिन्तेन गावी परतली.

दुसऱ्या सकाळी लासियेमने चटणी वाटून ठेवली. सारिन्तेन आली नाही. दमली असेल. तिसऱ्या सकाळीही नाही. मग लासियेमने पाहिलं, सारिन्तेन छत्री उघडून रस्त्याच्या पलीकडच्या कडेने, मान वळवूनही न बघता, बाजाराकडे गेली.

भावजय ङातिनाह दुपारी आली आणि पायरीवर बसत म्हणाली, "येणार कशी ती? शेवगा लावलायत ना तुम्ही."

"मग?"

"अहो यू! तिच्या चेहऱ्यात सोनं आहे."

लासियेमच्या हातातली पळी खाली पडली. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच कधी मोठ्याने बोललं नव्हतं. गाणाऱ्या बायका ऐन उमेदीत मांत्रिकाकडून गालात किंवा ओठात सोन्याची बारीक सुई घालून घेतात, म्हणजे रूप आणि गळा टिकतो. अशा बाईने काडीवरचं मांस काडीला तोंड लावून खायचं नाही. सारिन्तेन गावजेवणात ते वाटीत काढून घ्यायची आणि दातांना दोष द्यायची. आणि त्या सुईचा सगळ्यात मोठा वैरी शेवगा. त्याचा पाला अंगाला लागला की मंत्राचं पाणी होतं. म्हणून तर मढ्याला अंघोळ घालतानाही पाण्यात तो टाकतात. आणि लासियेमने मैत्रिणीच्या वाटेवर त्याची रांगच्या रांग उभी केली होती!

"रोवायला इतके जण होते, एकालाही वाचा फुटली नाही?" ती कासिमिनांकडे जाऊन कडाडली.

"कामाला आलेल्या माणसाने घरच्या बाईच्या निवडीला नाक मुरडायचं नसतं," कासिमिन म्हणाले. "आणि तेंपे फार छान झालं होतं."

सारिन्तेनला जाऊन विचारायचं तर कसं? गालात सुई आहे का, हे बाईला विचारणं म्हणजे भर चौकात तिचा पदर ओढणं. माफी मागावी तरी तेच. घरभरणी तोंडावर आलेली. सारिन्तेनवाचून आपण या घरात जेवण घालणार? लासियेमने कंबर कसली आणि पहिली फांदी उपटली. कोंभ फुटलेलं झाड उपटताना तिचा जीव कळवळला; पण थांबली नाही.

पार्जान धावत आला. "यू, वेड लागलं का?"

"बकऱ्या पाला खातात."

"या आळीत बकऱ्या आहेत कुणाकडे?"

"येतील!"

संध्याकाळपर्यंत कुंपणाचा अंगणात ढीग झाला होता. लासियेम चिखलाने माखून त्याच्याशेजारी बसली होती. तेवढ्यात परसातून ओळखीचा, किंचित खर्जातला आवाज आला.

"येम! का गं काढलंस?"

सारिन्तेन हद्दीवर उभी होती. लासियेम धडपडत उठली. "बकऱ्या, यू."

"हं. बकऱ्या." सारिन्तेनने डोळे बारीक केले. "बरं झालं. मी सोलोहून येते तर काय बघते, माझ्या बाजूला बोटभर फट नाही! चोर आहे का मी? रस्त्याने फिरून पाहुणीसारखी दारात येऊ?"

लासियेमने कपाळावर हात मारला. खरंच की! चारी बाजू बंद करायच्या नादात तिने वाटच बुजवली होती. म्हणजे सुईचं काहीच नव्हतं? सारिन्तेन हद्द ओलांडून आत आली. येताना नेसणं घोट्यांवर उचलून तिने त्या ढिगाला चांगलाच लांबचा वळसा घातला. लासियेमने त्याच वेळी मान वळवून विहिरीकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली.

"जास्वंद लाव," चुलीपाशी बसत सारिन्तेन म्हणाली. "माझ्याकडे लाल आहे, पांढरीही आहे. रंगाचा डबा वाचेल."

लासियेमचा थकवा कुठल्या कुठे पळाला. लाल-पांढरं, आपोआप फुलणारं कुंपण! "आत्ताच लावू!"

"अगं आधी तो कचरा गाडीत घालून लांब पाठव."

पार्जानची विटा वाहायची हातगाडी तेवढ्यासाठी कामाला आली. दुसऱ्या दिवशी कासिमिन बांबू घेऊन हजर झाले, चहा आधी, काम नंतर. दोघी मैत्रिणी हद्दीच्या दोन बाजूंना उकिडव्या बसल्या. सारिन्तेन काड्या छाटून देई, लासियेम टोची. वाट किती रुंद ठेवायची, हे सारिन्तेनने स्वतः मधे उभं राहून, छत्री उघडून ठरवलं. लासियेमचे हात भराभर चालत होते, तोंड त्याहून भराभर. घरभरणीला कोण येणार, फुलं कधी लागतील, पलीकडच्या आळीतले लोक कसे जळतील.

"येम," सारिन्तेन एकदम ओरडली, "अगं ए बाई! पुन्हा वाट बुजवलीस!"

लासियेमने खाली पाहिलं. वाटेच्या बरोबर मधोमध तिने ऐटीत एक काडी रोवली होती. सारिन्तेनने ती उपटून तिच्याच डोक्यात खोचली.