कोपराची जागा

आमच्या चिखलीच्या घरी येणारे सुतारकाका आधी लाकडावर टिचकी मारतात, कान लावतात आणि मगच माणसांशी बोलतात. माझ्या खोलीच्या खिडकीची खालची फळी कुजली, तेव्हा बाबा त्यांना म्हणाले, "खिडकी बुजवूनच टाका." मला ती हवी होती, पण मी दाराशीच उभी राहिले.

फळीवर हात फिरवताना काका एका गुळगुळीत जागी थांबले. "इथं कोपर कोन टेकवते?"

मी नुसता हात वर केला.

"मंग बुजवाची काऊन, भाऊ? पोरगी बसते न इथं."

त्यांनी कुजलेला भाग कापून तिथे सागवान जोडलं. गुळगुळीत जागा तशीच ठेवली. "बसून पाह्य बरं."

मी कोपर टेकवलं. "काका, नवी कड टोचते."

त्यांनी लगेच रंधा उचलला. "हाव, असं बोलत जाय न!"