पिस्तूल वाजण्याआधी

वानखडे सर प्रश्न विचारायचे आणि खडू उंच धरून ठेवायचे. खडू टेबलावर टेकेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही, हा त्यांच्या इंग्रजीच्या वर्गाचा कायदा. अमरावतीच्या त्या शाळेत हा कायदा माझ्याइतका कोणी मोडला नसेल. खडू हवेत असतानाच माझं उत्तर बाहेर पडलेलं असायचं, आणि बहुतेक वेळा चुकलेलं.

उतावळेपणासाठी मला एकच इंग्रजी वाक्प्रचार पाठ होता, 'जम्प द गन'. तो मी निबंधात जिथे तिथे घुसडायचो. सर वैतागायचे.

"शर्यतीत पिस्तूल वाजायच्या आधी पळते तो येगळा. अंड्यातले पिल्लं मोजून राहिला तो येगळा. अन् नदी यायच्या आधीच पुलाची काळजी करते तो तिसराच. तिघायले एकाच खुंट्याले काहून बांधून राहिला बे?" मग म्हणायचे, "घाई कोणं केली अन् भोगलं कोणं, हे पयले पाहायचं. मंग शब्द निवडायचा."

पुढे मी अकोल्यात शिक्षक झालो. सरांची एकुलती एक मुलगी वैशाली अमरावतीलाच नोकरी करत होती. तिच्या आईच्या माघारी सरांनीच तिला वाढवलेलं. माझ्या शाळेतल्या एका सहकाऱ्याचं स्थळ मीच सुचवलं. मुलगी पाहून झाली, पसंती झाली. मुलगा मला म्हणाला, "वरुडचे मोठे काका हो म्हणाले की पक्कं. आमच्यात पहिलं त्यांच्या कानावर घालावं लागतं."

मी सरांना सांगितलं. ते खुशीत होते, पण साखरपुड्याआधी गवगवा त्यांना नको होता. म्हणाले, "साक्षगंध होऊ दे. तवरीक कोणाजवळ बोलू नको."

अकोल्याच्या बसमध्ये मला दम निघाला नाही. दोघांचे फोटो जोडून मी मोबाईलच्या स्टेटसवर अभिनंदन टाकलं. संध्याकाळपर्यंत ते वरुडला पोचलं. 'आमाले मोबाईलवरून समजते काय?' एवढं बोलून काकांनी नकार कळवला. मुलाने मान खाली घातली. इकडे वैशालीच्या ऑफिसात पेढे मागून झाले होते. पुढे कित्येक महिने जो भेटेल तो तिला विचारायचा, 'काहून मोडलं?' तिचा काहीही दोष नव्हता. दोष माझा होता.

माफी मागायला गेलो तेव्हा सर अंगणात खुर्ची टाकून बसले होते. म्हणालो, "सर, मी जम्प द गन केलं."

ते म्हणाले, "नाही बाप्पा. तो शब्द येथं बसत नाही. शर्यतीत आधी पळाला, तर सगळ्यायले वापस बोलावते, पुन्हा उभं करते. माह्या पोरीले कोण वापस बोलावन?"

"मग कोणता शब्द, सर?"

"मले नाही सापडत," ते म्हणाले आणि वैशालीला चहा टाकायला सांगितलं. त्यानंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही, पण माझ्याशी ते जपून बोलू लागले, आणि तेच मला जास्त लागायचं.

गेल्या वर्षी त्यांना दवाखान्यात हलवलं. तपासणीचा रिपोर्ट यायचा होता. बाहेरच्या बाकावर वैशालीने मला विचारलं, "दादा, बाबा बरे होतील ना?"

'होतील' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. मी तो गिळला. "रिपोर्ट येऊ दे," म्हणालो. तिने मान फिरवली.

रिपोर्ट यायच्या आधीच सर गेले.

तेरवीला पंगती उठल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "त्या दिवशी तरी म्हणायचं होतं, दादा. खोटं निघालं असतं तरी मले चाललं असतं."