एका वयाचे मुरूम

मुरमा-मुरमात फरक असतो, हे तुम्हाला आजवर कुणी सांगितलंय का? आईने, शाळेने, मेडिकलवाल्याने? मला अख्ख्या रत्नागिरीत एकाच बाईने सांगितलं, आणि तेही रागावून.

नफीसा डॉक्टर एका जागी बसत नसत. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, जिना चढून वर त्यांचा त्वचारोगाचा दवाखाना होता. खुर्ची होती, पण तिच्यावर कायम त्यांची पर्स बसलेली. पेशंट आला की त्या आधी ट्यूबलाइट बंद करायच्या, त्याला दंडाला धरून खिडकीपाशी न्यायच्या, हनुवटी वर करायच्या आणि विचारायच्या, "काय काय लावलंस ते सांग. खोटं सांगू नको, तोंड सांगतं मला." मग एकेक बाहेर यायचं: जायफळ, लिंबू, टूथपेस्ट, वहिनीची क्रीम. ऐकता ऐकता त्या बेसिनपर्यंत जाऊन, हात धुऊन परत आलेल्या असायच्या.

मी पहिल्यांदा गेले ती हनुवटीवरच्या गाठी घेऊन. आईने पाठवलं म्हणून गेले होते. आमच्या घरी पत्रकांचे गठ्ठे पलंगाखाली असत. बाबा संघटनेचे कार्यकर्ते, आणि मी त्यांची पत्रकं घडी घालत वाढलेली. त्यामुळे जाताच सांगून टाकलं की मुरूम हा आजार मी मानत नाही, बायकांना आपल्याच चेहऱ्याची लाज वाटायला लावून बाजार पैसे करतो. त्यांनी शांतपणे एका गाठीवर बोट टेकवलं. मी कळवळले.

"दुखतं ना? मग ही गाठ काय बाजाराने नाही काढली, पुढारीणबाई."

तेव्हापासून मी पुढारीण झाले, ती कायमची.

त्या दिवशी, येरझाऱ्या घालत, त्यांनी मला माझाच चेहरा समजावला. नाकावरचे काळे ठिपके म्हणजे मळ नव्हे. छिद्रात साठलेलं तेल हवा लागून काळं पडतं, ते घासून जात नाही. बंद तोंडाचे ते पांढरे. यांना रात्री लावायचं जेल, तेही वाटाण्याएवढं, आणि धीर. लाल आणि पुवाच्या पुळ्यांना औषध वेगळं. आणि खोलवरच्या गाठी, माझ्यासारख्या, खड्डे पाडून जातात, त्यांना आरसा बघत पिळायचं नाही, डॉक्टरकडेच यायचं. जबड्याच्या कडेने येत असतील तर डॉक्टर पाळीची चौकशी करायच्या. कपाळभर बारीक असतील तर विचारायच्या, केसाला तेल किती थापतेस? बोटीवर काम करणाऱ्या पोरांच्या पाठीवर खाजणारे बारीक फोड आले की सांगायच्या, हे मुरूमच नव्हेत, ही बुरशी, घामाचा शर्ट बदल आधी. गोळ्या देताना आवाज एकदम खाली यायचा: रक्त तपासल्याशिवाय नाही, आणि मूल होण्याचा विचार असेल तर ही गोळी अजिबात नाही. 'तारुण्यपीटिका' या शब्दाचा त्यांना राग होता. चाळिशीच्या बायका येतात माझ्याकडे, त्यांना कुठलं तारुण्य दाखवू, म्हणायच्या.

स्वभाव गोड नव्हता. चिठ्ठीशिवाय क्रीम विकतो म्हणून खालच्या मेडिकलवाल्याशी त्यांचं भांडण जिन्यावरून ऐकू यायचं. महिन्याभरात फरक नाही म्हणून कुणी कुरकुरलं की म्हणायच्या, "कलम लावलंस की दुसऱ्या दिवशी आंबा मागतेस काय गो?"

माझी कॉलेजातली मैत्रीण रेहाना मीच त्यांच्याकडे नेली. तिचं लग्न जवळ आलं होतं, आणि तिचे गाल असे पेटले होते की उन्हात ती रडायची. वर लाल पुळ्याच पुळ्या. खिडकीपाशी डॉक्टर नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबल्या.

"बघ," त्या मला म्हणाल्या, "खऱ्या मुरमांचं घर असतं. त्यात लहान, थोर, म्हातारे सगळे असतात. इथे सगळे एका वयाचे. हे आपले आपण आलेले नाहीत, कुणीतरी आणून बसवलेत. क्रीम कुठली, बाय?"

क्रीम कुवेतची होती. रेहानाचा भाऊ तिथे नोकरीला. आमच्याकडे आखातातून माणूस आला की त्याची बॅग उघडणं हा एक समारंभच असतो. आळीतल्या बायका जमतात, आणि अत्तर, साबण, चॉकलेटं घरोघर जातात. रेहानाची आई, सकीना खाला, हाताने सढळ. गोरं करणारी ती क्रीम तिने रिकाम्या डब्यांत काढून वाटली होती. सुरुवातीला लावणारीचा चेहरा महिनाभर आरशासारखा होतो, म्हणून मागणी वाढत गेलेली. त्यात स्टेरॉइड होतं. ते आधी सगळं दाबतं, मग कातडी पातळ करतं, मग स्वतःचेच मुरूम आणतं. सोडावं तर तोंड भडकतं, म्हणून बाई पुन्हा डबीकडे जाते.

मी घरी येऊन तडक पत्रक लिहिलं. 'क्रीम फेका, गुलामी फेका'. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना वाचून दाखवलं. त्यांनी ते हातातून काढून घेतलं.

"फेका असं छापलंस तर आठवड्यात पेटलेली तोंडं माझ्या जिन्यावर बसतील, आणि त्यातल्या निम्म्या परत क्रीम लावतील. ती हळूहळू उतरवायची असते, डॉक्टरसमोर. तुझ्या घोषणेची आग दुसऱ्याच्या गालावर नको."

मी वाद घातला. त्या हात धूत राहिल्या. पत्रक छापलं गेलं नाही.

इकडे रेहानाचा चेहरा आणखी बिघडत चालला. क्रीम उतरवताना तसं होणारच होतं, पण लग्नाची तारीख थांबणार नव्हती. खाला म्हणाली, लग्नापुरती लाव, नंतर बघू. नवरीला असं बघून सासू काय म्हणेल? रेहानाचाही धीर सुटत होता. डॉक्टरांनी तिला एवढंच सांगितलं, अम्मीला घेऊन ये.

खाला आली ती भांडायच्या तयारीने. डॉक्टरांनी ट्यूबलाइट बंद केली आणि रेहानाला नाही, खालालाच खिडकीपाशी नेलं. तीही तीच क्रीम लावत होती, वर्षानुवर्षं. आळीत तिच्या गुलाबी गालांचं कौतुक होतं.

"भाभी, ही लाली नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा एवढा मऊ आवाज मी आधी ऐकला नव्हता. "कातडी इतकी झिजलीय की आतल्या शिरा दिसतायत. हे बघा, गालावर लवही वाढलीय. पोरीचं आज थांबवता येईल. तुमचं जेवढं जमेल तेवढं करू."

खालाने बुरख्याची कड गालावर ओढून घेतली. मग तिने विचारलं, "मी वाटलीय ती. त्यांचं काय?"

"जाऊन सांगा. एकदम बंद करू नका म्हणावं, माझ्याकडे या."

"लोक म्हणतील दिलं आणि आता नावं ठेवते. रेहानाच्या सासूलाही दिलीय मी, साखरपुड्यात."

"तिलाही सांगा."

आपणच दिलेल्या भेटीत खोट आहे हे स्वतःच्या तोंडाने सांगायचं, तेही मुलीच्या सासरी, आणि लग्न तोंडावर. लग्न मोडलं असतं तर दोष खालावर आला असता. तरी ती गेली, आळीत दारोदार, मी आणि रेहाना मागे. कुणी हसलं, कुणी म्हणालं, आता आमचं रूप तुला खुपतं का. सासूचं घर तिने शेवटी ठेवलं होतं. तिथे रेहानाने ओढणी काढून आपला लाल, सोलल्यासारखा चेहरा उघडा केला, आणि खालाने जे होतं ते सगळं सांगितलं. सासूबाईंनी आत हाक मारली. सरबत आलं, ते आम्ही प्यायलो. निघताना दारात त्यांनी खालाचा हात धरला आणि हळूच विचारलं, "डॉक्टरीण कुठल्या वारी असते?"

लग्न ठरल्या दिवशी झालं. फोटोत रेहाना लालच आहे. फोटोवाला चेहरा साफ करून देतो म्हणाला, तिने नको सांगितलं. चेहरा निवायला पुढे बरेच महिने लागले. खालाचे गाल पुरते सुधारले नाहीत, कधी सुधारणारही नाहीत.

नफीसा डॉक्टरांनी गेल्या वर्षी दवाखाना बंद केला. नजर अधू झाली. चष्म्याने भागेना, तेव्हा म्हणाल्या, "मला तोंड दिसत नाही, मग औषध कशाचं देऊ?" आणि मुलीकडे पनवेलला गेल्या. अजून वर्षभर ढकलता आलं असतं, पण त्यांनी ढकललं नाही. त्यांच्या जागेत आता मोबाइलची कव्हरं मिळतात. खाली मेडिकल आहेच. तीच क्रीम हायवेवर हातखंब्याच्या टपरीवरही मिळते, मी परवाच पाहिली, आणि तेव्हापासून मला स्वस्थ बसवत नाहीये.

म्हणून हे पत्रक नाही, विनंती आहे. तुम्ही कधीतरी प्रेमाने कुणाला चेहऱ्याची क्रीम दिली असेल: बहिणीला, जावेला, शेजारच्या मुलीला. आज तिच्या दारी जा. डबीवर स्टेरॉइडचं नाव आहे का, किंवा काहीच लिहिलेलं नाही का, ते दोघी मिळून बघा. तसं असेल तर तिला एकटीने बंद करायला सांगू नका, त्वचेच्या डॉक्टरकडे तिच्यासोबत जा. लाज वाटेल. तरी जा.