रुमालाखालची नळी

भूतखेत, करणी, अंगात येणं... असलं काही मी मानत नाही, आजही नाही. रक्त तपासण्यात हयात गेली माझी. तरी हे सांगतोय, कारण यात दोष माझा आहे.

एकाहत्तर-बाहत्तरची गोष्ट. नगरच्या एका दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन होतो. आमचे डॉक्टर संशोधन करत होते — शुगरवाल्यांचे डोळे जाण्याआधी रक्तात काही खूण सापडते का. रक्ताच्या नळ्यांवर फक्त नंबर. कुठला कुणाचा, ते माझ्या वहीत.

घोडेगावच्या गुरांच्या बाजारातले दलाल दगडूतात्या आमचे पेशंट. शुगरने नजर जवळजवळ गेलेली, पण धंदा चालू होता, कारण तिथे भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरतो. एकदा गंमत म्हणून त्यांनी रुमालाखाली आमच्या नळ्या चाचपल्या आणि दोन बाजूला काढल्या. “ह्यांची नजर जानार.”

डॉक्टरांनी त्या दोघांचे डोळे तपासले... दोघांच्याही पडद्यावर रक्त उतरायला लागलेलं. डॉक्टर तात्यांचं कौतुक करत सुटले. शिकलेला मी, आणि कौतुक त्या अंगठेबहाद्दराचं — माझं टाळकंच सरकलं.

पुढच्या खेपेला डॉक्टर नव्हते. तात्यांनी आणखी एक नळी काढली. ती केडगावच्या एका मास्तरांची होती. मी वही उघडली आणि म्हणालो, “तात्या, ही तुमच्या सुमनची.”

सुमन त्यांची मुलगी. शुगर तिलाही होती, पण डोळे ठणठणीत. सोनईला लग्न ठरलेलं. मला फक्त म्हाताऱ्याची जिरवायची होती. तात्यांनी नळी पुन्हा चाचपली, बराच वेळ. मग ती खाली ठेवून निघून गेले.

आठवड्याने कळलं. पोरीचे डोळे जाणार, हे त्यांनी स्वतःच सोनईला जाऊन मुलाकडच्यांना सांगितलं. जनावराची खोड लपवून सौदा करायचा नाही, हा त्यांचा नेम. लग्न मोडलं. नोकरी जाईल म्हणून मी गप्प बसलो.

वर्षभरात मास्तरांचे डोळे गेले.

दहा वर्षांनी बाजारात तात्या दिसले, पूर्ण आंधळे, हात सुमनच्या खांद्यावर. तिने मला लांबूनच ओळखलं. मला राहवलं नाही, मी सगळं कबूल केलं.

तात्या शांतपणे म्हणाले, “ती नळी बाप्या मानसाची हाय, बाईची न्हाई, हे हाताला कळलं हुतं. पन तुमी शिकल्यालं मानूस, वहीत बघून बोललात. मंग वाटलं, माजाच हात चुकला.”

त्या हाताला ते कसं कळायचं, मला आजवर सांगता आलेलं नाही. सुमनने एवढंच विचारलं, “दहा वर्सं का न्हाई सांगितलं, सायेब?” याचं उत्तर मात्र मला ठाऊक होतं. मी ते दिलं नाही.