दादाच्या झोपेच्या गोळ्या

मंडळी, आज घाटकोपरात माझा घोर अपमान झाला! माझे पिकलेले केस आणि जाड चष्मा पाहूनही केमिस्टने झोपेच्या गोळ्यांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली.

"अहो, मोठ्या भावासाठी हव्यात. चिठ्ठी हरवली, गोळ्याही संपल्या म्हणतो. निदान आजच्यापुरती एक द्या."

"सर, चिठ्ठीशिवाय अमृतही मिळणार नाही. नड असेल तर त्यांच्या डॉक्टरांचा नंबर द्या, विचारतो."

त्याने फोन केला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "महिन्याच्या गोळ्या परवाच दवाखान्यातून दिल्यात म्हणे. संपल्या कशा?"

मी रिकाम्या हाताने घरी आलो. दादा नुसताच "बरं" म्हणाला.

गिरणी बंद पडल्यापासून तो कमीच बोलतो. आज मी त्याच्याच खोलीत अंथरूण घातलंय. तो गोळ्या साठवतोय असं वाटतं, आणि मला विचारायची भीती वाटते.