नाव गिळलेला वाटाड्या

आमच्या वाटाड्याचं पहिलं नाव मी इथे लिहिणार नाही. आडनाव ग्रिबल, तेवढ्यावर भागवून घ्या. उत्तरेच्या आमच्या मुलखात माणसाला आडनावाने हाक मारतात ते फक्त पोलीस आणि दंतवैद्य. त्यामुळे सुरुवातीला मी "ग्रिबल" म्हटलं की तो आधी दचकायचा आणि मग जबडा चाचपायचा.

पण इलाज नव्हता. त्याच्याच नावाचा एक म्हातारा मागच्या पावसाळ्यात वारला. आम्ही सहली नेतो त्या राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिमेकडची जमीन, कडे आणि पाणी त्या म्हाताऱ्याच्या माणसांचं, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचं, पिढ्यान्‌पिढ्यांचं. त्यांच्यात गेलेल्याचं नाव घेत नाहीत. घेतलं तर त्याला हाक ऐकू जाते आणि तो निघालेल्या वाटेवर थबकतो. म्हणून त्या नावाच्या जिवंत माणसांनीही आपलं नाव बाजूला ठेवायचं, म्हाताऱ्याची माणसं पुन्हा मोकळं करतील तोवर.

ग्रिबल गोरा, म्हणजे मुळात गोरा असावा. उन्हाने सोलून सोलून त्याचा रंग वारुळांसारखा झाला होता. कॅथरीन गावाहून प्रवासी घ्यायचे आणि चार रात्री कॅनव्हासच्या गुंडाळ्यांत उघड्यावर निजवत त्यांना रान दाखवायचं, हा त्याचा धंदा. मी गाडी हाकायचो आणि निखाऱ्यांत पाव भाजायचो. त्याच्या गोष्टीतला अजगर दरवर्षी हातभर वाढत असे. शेवटी मीच म्हटलं, "आता थांबव रे त्याला, गाडीत मावत नाही."

त्या म्हाताऱ्याशी त्याची जोडी तरुणपणापासूनची. एकाला हाक मारली की दोघे ओ द्यायचे, आणि काम असलं तर दोघेही द्यायचे नाहीत. गुरांच्या मळ्यावर दोघांनी एकत्र कुंपणं घातली. पुढे सहली सुरू झाल्या, तेव्हा कड्याखालच्या डोहाच्या पाण्यावर प्रवाशांना नेण्याची परवानगी म्हाताऱ्याने दिली. तो स्वतः पुढे व्हायचा, आपल्या भाषेत पूर्वजांना ओरडून सांगायचा की ही माणसं माझ्याबरोबर आहेत, यांना सांभाळा. मगच कुणी पाण्यात पाय घालायचा. ग्रिबल तेवढा वेळ टोपी काढून उभा. एरवी ती टोपी तो झोपेतही काढत नसे.

म्हातारा गेला आणि त्यांच्या रिवाजाप्रमाणे ते पाणी बंद झालं. त्याच्या माणसांनी धुरी देऊन त्याचं घर मोकळं केलं, गाडी मोकळी केली. पाण्याचं मात्र कुणी काही बोललं नाही. सगळे ज्या पाण्याकाठी रडले, तिथे ग्रिबलला जाता आलं नव्हतं. पावसाने रस्ता तुटला होता, आणि तो पलीकडे अडकला होता. रस्ता सुरू झाला तेव्हा पाणी बंद. तेव्हापासून त्याचा अजगर वाढायचा थांबला.

मग कोरड्या हंगामात म्हाताऱ्याच्या मुलीचा, बेसी आंटीचा निरोप आला: पुढची सहल आण, मी तुमच्या मुक्कामाच्या तळावर येते, तुझ्या माणसांना बघते आणि मग ठरवते. ग्रिबलने त्या दिवशी दाढी केली.

"धंदा परत सुरू होईल," मी म्हटलं.

"धंदा घाल चुलीत," तो म्हणाला. "मला एकदा तिथे उभं राहायचंय."

तळावर पोचायच्या आधीच गाडीचा मागचा टायर फुटला. कसंबसं पोचलो, आणि मी गाडीखाली शिरलो. मगरींची सूचना मीच द्यायचो त्या वर्षी. ग्रिबलचं नाव मधे येऊ नये म्हणून तसं ठरलं होतं. त्याची सूचना म्हणजे एका दमात म्हणायची आरती होती, आणि तिची सुरुवातच त्याच्या पहिल्या नावाने व्हायची. पण प्रवासी उतरून सरळ ओढ्याकडे निघाले. टास्मानियाच्या लॉरिमर बाई तर चपला हातात घेऊन. ग्रिबल घाईने पुढे झाला आणि ओरडला. मी गाडीखालून ऐकलं. आधी त्याचं नाव, स्पष्ट, खणखणीत, मग, "आणि मी सांगतो तिथेच पाय ठेवलात तर कुणी मगरीच्या पोटात जाणार नाही."

लॉरिमर बाई हसल्या. मी बाहेर आलो. कागदासारख्या सालीच्या झाडाखाली बेसी आंटी दोन भाच्यांबरोबर बसली होती. नुकतीच आली असावी. तिने ओढणीसारखा गळ्यातला रुमाल तोंडावर ओढला. उठली. तिघी आपल्या गाडीकडे गेल्या.

ग्रिबल माझ्याजवळ आला. "ऐकलं तिने?"

"अरे, कड्यापलीकडच्या बगळ्यांनी ऐकलं."

तो हसला नाही. जेवायला मासा होता. त्याने ताट घेतलं आणि तसंच ठेवून दिलं.

सकाळी बघतो तर त्याने आपली गुंडाळी बांधलेली. "गाडी तू ने," तो म्हणाला. "मी इथून चालत रस्त्याला लागतो. मी म्हाताऱ्याच्या माणसांसमोर असायला नको."

बेसी आंटी त्याच वेळी झाडांतून आली, एकटी. "कुठे निघालास, काका?"

"चूक झाली, पोरी."

"झाली." ती त्याच्या गुंडाळीवरच बसली. "आता तो वाटेवरच उभा असेल. कुणी हाक मारली म्हणून बघत असेल. आणि हाक मारणारा निघाला पळून. चांगलं आहे की."

ग्रिबलने टोपी काढली.

"चल," ती म्हणाली. "तूच बोलावलंस, तूच परत पाठव." मग माझ्याकडे वळून, "तूही ये. हा पडला तर उचलायला. माझी कंबर गेलीये."

प्रवाशांना चहावर बसवून आम्ही तिघे गेलो. कड्याखाली पाणी हिरवं, स्थिर होतं. बेसी आंटी काठावर उभी राहिली आणि ओरडली. तिची भाषा मला थोडी कळते. बाबा, हाक मारणारा हा तुझा जुना मित्र. तुला बोलवायचं नव्हतं त्याला. तोंडाला सवय होती. तू जा. मग तिने ओंजळभर पाणी घेऊन ग्रिबलच्या डोक्यावर ओतलं आणि त्याला पुढे ढकललं.

तो काय बोलला ते मी ऐकलं नाही. ऐकायचं नव्हतं म्हणून मागे सरलो. बराच वेळ बोलला. मग गुडघ्यांवर बसला आणि त्या लोकांतले पुरुष रडतात तसा मोठ्याने रडला, आणि बेसी आंटी त्याच्या शेजारी बसून रडली.

परतताना ती म्हणाली, "पाणी बंदच राहील, काका. नाव पुन्हा वर आलं. आता नव्याने थांबायला हवं. पाहुणे आणू नकोस."

"किती वर्षं?"

"मला काय माहीत? मी कॅलेंडर छापते?"

त्याचं वय मला ठाऊक होतं, तिलाही होतं. तो म्हणाला, "बरं."

थोडं पुढे जाऊन ती थांबली. "पाहुणे नको म्हटलं. तू येत जा. घरचं माणूस म्हणून. आणि येताना चहा बरा आण, तुमचा नुसता वाळलेला पाला असतो."

"चहा हा करतो," ग्रिबल माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला.

मग तो एकटाच पुढे झाला, प्रवाशांना सांगायला की ज्यासाठी ते इतक्या लांब आले, ते पाणी आज दिसणार नाही.